हवापालटाच्या गांवीं खून

सुटीचे दिवस जवळ आले कीं आमच्या घरांत दोन ठिकाणीं बांधाबांध सुरू होते. एक स्वयंपाकघरांत, तेथें दशम्या, चिवडा, आलेपाक आणि लिंबाचें लोणचें यांचे डबे भरले जातात. दुसरी माडीवर, तेथें पुस्तकांची पेटी भरली जाते. तींत वडील मंडळींची ज्ञानेश्वरी असते, मुलांचीं चित्रांचीं पुस्तकें असतात, आणि आम्हां मधल्या पिढीच्या माणसांच्या रहस्यकथा असतात. गेल्या वर्षीं वैशाखांत ही पेटी आम्ही भरीत असतां आमच्या आत्याबाई जवळ येऊन बसल्या. एकेका पुस्तकावरचें चित्र त्यांनीं चष्म्याशीं धरून पाहिलें. एकावर सुरा होता, दुसऱ्यावर रक्ताचा डाग, तिसऱ्यावर पाण्यांतून वर आलेला हात. मग त्या म्हणाल्या, "अरे, माणसं हवापालटाला जातात तीं जिवाला विसांवा मिळावा म्हणून. तूं बरोबर हे खून कशाला घेऊन निघालास?"

आम्हांला त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. "वेळ बरा जातो," असें कांहीं तरी पुटपुटून आम्हीं पेटीचें झांकण लावलें. परंतु प्रश्न मनांत राहिला. आणि त्या प्रवासांत जें घडलें त्यामुळें तो अधिकच रुतून बसला. काय घडलें तें शेवटीं सांगूं. आधीं आत्याबाईंच्या प्रश्नाचा विचार करूं.

रहस्यकथांच्या वाचकांच्या हें ध्यानांत आलेंच असेल कीं, कथेंतला हेर विश्रांतीसाठीं घराबाहेर पडला कीं त्याच्या मागोमाग खून आलाच. ही रीत जुनी आहे. सर आर्थर कॉनन डॉइल यांचा शेरलॉक होम्स १८९३ सालच्या एका कथेंत आजारांतून उठून रायगेट या गांवीं हवापालटासाठीं जातो, आणि जवळच्याच एका वाड्यांतील गाडीवानाचा खून त्याच्यापुढें येऊन उभा राहतो. १९१० सालच्या दुसऱ्या एका कथेंत डॉक्टर त्याला बजावतात कीं, सर्व काम टाकून पूर्ण विश्रांति घ्या, नाहीं तर कायमचे निकामी व्हाल. तो कॉर्नवॉलच्या समुद्रकांठीं एका एकाकी घरांत जाऊन राहतो. थोड्याच दिवसांत गांवचे धर्मोपदेशक धांवत येतात. रात्रीं पत्ते खेळावयास बसलेल्या भावंडांपैकीं बहीण सकाळीं खुर्चींतच मरून पडलेली, आणि दोघे भाऊ वेडे होऊन हंसत नि गात बसलेले! पत्ते टेबलावर तसेच पसरलेले!

परंतु होम्स हा धंदेवाईक हेर. वैद्याला प्रवासांत रोगी भेटला आणि त्यानें नाडी पाहिली, तर त्यांत नवल तें काय? आमचें लक्ष वेधतो तो हौशी हेर. त्याला ना पगार, ना फी, ना बिल्ला. पोलिसानें प्रश्न विचारला तर उत्तर द्यावें लागतें, यानें विचारला तर "तुम्ही कोण विचारणार?" एवढें म्हणून कोणीहि पाठ फिरवावी. स्वतःच्या गांवांत त्याला निदान शेजाराचा तरी हक्क असतो. परगांवीं, चार दिवसांच्या बिऱ्हाडीं, तोहि नाहीं. मेलेला माणूस त्याच्या नात्याचा नाहीं, मारणारा त्याच्या ओळखीचा नाहीं, आणि त्याचें परतीचें तिकीट तर खिशांत आहे. मग हा माणूस त्या भानगडींत पडतोच कां? आमच्या मतें या सर्व कथांचें मर्म या एका प्रश्नांत आहे.

प्रथम हें पाहूं कीं, लेखकांना हवापालटाचें गांव इतकें प्रिय कां. पहिलें कारण असें कीं, तेथें कोणाचाच मागचा पुढचा पत्ता नसतो. आपल्या घरांत सोयरीक जुळवावयाची झाली तर गोत्र, आजोळ, मुलाचे चुलते काय करतात, येथपर्यंत चौकशी होते. हॉटेलांत मात्र माणूस स्वतःविषयीं जें सांगेल तेंच खरें. वहींत लिहिलें तें त्याचें नांव, बरोबर आहे ती त्याची पत्नी. ॲगाथा ख्रिस्तीबाईंनीं १९५० सालच्या एका कादंबरींत आपल्या वृद्ध हेर मिस मार्पल यांच्या तोंडीं हाच विचार घातला आहे : पूर्वीं खेड्यांत कोण कोणाचा हें सर्वांना ठाऊक असे, युद्धानंतर आलेल्या माणसांविषयीं मात्र तीं स्वतः सांगतात तेवढेंच ठाऊक. जें त्या काळच्या इंग्रजी खेड्याविषयीं खरें होतें तें पर्यटकांच्या हॉटेलाविषयीं सदाच खरें असतें.

दुसरें कारण असें कीं, तेथें कोणी कां आला हें विचारलें जात नाहीं. ख्रिस्तीबाईंच्याच १९४१ सालच्या एका कादंबरींत हेर पॉयरो डेव्हनच्या किनाऱ्यावरील एका बेटावर सुटी घालवीत आहे. कोणी तरी म्हणतें कीं, अशा रम्य स्थळीं पाप कसें घडेल? तो म्हणतो, कां न घडावें? शत्रूच्या गांवीं जाऊन त्याला मारावयाचें तर तेथें आपण कां गेलों याचें कारण द्यावें लागतें. समुद्रकांठीं सुटीच्या दिवसांत कारण देण्याची गरजच नाहीं. जो तो हवा खाण्यासाठीं आलेला!

तिसरें कारण आम्हांला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. प्रत्येक हवापालटाच्या गांवाजवळ मृत्यूचें एक तयार कारण असतें. डोंगरांत दरड कोसळते, समुद्रांत माणूस बुडतो, उन्हाच्या देशांत म्हाताऱ्या माणसाला रक्तदाब सोसत नाहीं. खुनी मनुष्य या तयार कारणाच्या आड उभा राहतो, आणि भोवतालचे लोक तें आनंदानें स्वीकारतात. कारण दुसरें कांहीं कारण निघालें तर सर्वांचीच सुटी बिघडेल. हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकांची काळजी, गिऱ्हाइकांना आपल्या दिलेल्या पैशांची काळजी.

डोरोथी सेयर्स यांच्या १९३२ सालच्या कादंबरींत हॅरिएट व्हेन नांवाची एक तरुण लेखिका एकटीच पायीं प्रवासाला निघते. समुद्रकांठीं एका खडकावर तिला गळा चिरलेला मनुष्य दिसतो. भरती चढत आहे, आसपास मनुष्यवस्ती नाहीं, आणि थोड्या वेळानें प्रेत वाहून जाणार हें उघड आहे. घाबरून पळत सुटावें कीं थांबावें? ती थांबते, बारकाईनें पाहते आणि छायाचित्रें घेते. पुढें त्या माणसानें स्वतःच वस्तरा फिरविला असें मानणें सर्वांना सोयीचें होतें. पण तिनें जें पाहून ठेविलें होतें तें त्या सोयीच्या आड आलें. या हॅरिएटवर आधींच्या कादंबरींत स्वतः खुनाचा आळ येऊन गेलेला आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचें थांबणें किती धैर्याचें होतें तें कळतें.

आपल्या देशांतलें उदाहरण घ्यावयाचें तर सत्यजित राय यांच्या फेलूदाचें घ्यावें. १९७० सालीं बंगालींत प्रसिद्ध झालेल्या एका कथेंत तो आपल्या चुलतभावाला घेऊन गंगटोकला सुटीसाठीं जातो. सिक्कीम तेव्हां भारतांत विलीन झालेलें नव्हतें. तें १९७५ सालीं झालें. तेथें पोंचतांच कळतें कीं, शेलवणकर नांवाच्या मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या जीपगाडीवर डोंगरावरून धोंडा कोसळला आणि तो गेला. डोंगरी रस्ता, धोंडा, गाडी! यांत शंका घेण्याजोगें कांहीं आहे असें कोणालाच वाटत नाहीं. फेलूदाला वाटतें, आणि त्याच्या सुटीचे उरलेले दिवस त्या एका शंकेमागें जातात. मराठी मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ठाऊक आहे. त्याच्या वाटेला खुनापेक्षां चोर आणि लबाड लोकच अधिक येतात. परंतु फुरसुंगीचा हा पोरगा कोठेंहि गेला तरी नाकासमोर पाहून चालत नाहीं, हा गुण तोच.

आतां ज्या पुस्तकामुळें आत्याबाईंचा प्रश्न आम्हांला नव्यानें दिसूं लागला, त्याकडे वळूं. तें पुस्तक म्हणजे ॲगाथा ख्रिस्ती यांची १९६४ सालीं प्रसिद्ध झालेली 'अ कॅरिबियन मिस्टरी' ही कादंबरी. लेखिकेचा जन्म १८९० सालीं टॉर्की या गांवीं झाला. हें गांवच मुळीं इंग्लंडांतलें समुद्रकांठचें हवापालटाचें ठिकाण. म्हणजे लोक जेथें चार दिवस येऊन जात तेथें ही मुलगी बारा महिने राहत होती. पहिल्या महायुद्धांत त्याच गांवच्या इस्पितळांत तिनें औषधालयांत काम केलें. औषधाच्या बाटल्या, मात्रा आणि विषें यांची तिची माहिती तेथली. बाईंचा मृत्यु १९७६ सालीं झाला. मिस मार्पल हें पात्र त्यांनीं १९२७ सालीं एका लहान गोष्टींत प्रथम आणिलें आणि शेवटपर्यंत सोडलें नाहीं.

या मार्पलबाई अविवाहित, वयोवृद्ध, हातांत सदा लोकरीचें विणकाम. एका खेड्यांत त्यांचें आयुष्य गेलें. हिंवाळ्यांत त्यांना न्यूमोनिया होऊन गेला, तेव्हां त्यांचा लेखक भाचा आपल्या खर्चानें त्यांना वेस्ट इंडीज बेटांतल्या एका हॉटेलांत पाठवितो. ऊन छान, समुद्र निळा, ताडामाडांचीं झाडें. रोज रात्रीं वाजंत्री. बाई मनांतून कंटाळलेल्या आहेत. सगळे दिवस सारखेच, घडत कांहींच नाहीं!

त्यांच्या शेजारीं एक निवृत्त मेजर येऊन बसतो. त्याच्या आफ्रिकेंतल्या आठवणी कधीं संपत नाहींत. अशा गोष्टी बाईंनीं जन्मभर ऐकल्या आहेत. पूर्वींचे निवृत्त अधिकारी हिंदुस्थानांतले वाघ नि सिमला सांगत, हा केनिया सांगतो, एवढाच फरक. त्या मान हालवितात, "हो का!" म्हणतात, आणि मनांत आपले टांके मोजतात. बोलतां बोलतां मेजर एका नवऱ्याची हकीकत सांगूं लागतो. त्याच्या बायकोनें आत्महत्येचा प्रयत्न केला, ती वांचली, आणि पुढें पुन्हां तसेंच होऊन मेली. एका डॉक्टरनें ही गोष्ट सांगतांच दुसऱ्या डॉक्टरला अगदीं तशीच एक गोष्ट आठवली. आणि दोन्ही वेळां नवरा एकच असावा असें दिसलें. "खुनी माणसाचा फोटो पाहावयाचा आहे का?" असें विचारून मेजर पाकिटांतून फोटो काढूं लागतो. इतक्यांत तो बाईंच्या खांद्यावरून पलीकडे पाहतो, दचकतो, फोटो घाईनें आंत सारतो, आणि मोठ्यानें दुसराच विषय काढतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मेजर अंथरुणांत मेलेला आढळतो.

खोलींत रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली सांपडते. वय झालें होतें, दारू चढवीत असे, रक्तदाब होता, झालें. अंत्यविधि उरकला जातो आणि वाजंत्री पुन्हां सुरू होते. येथें बाई जें करतात तें पाहण्यासारखें आहे. त्या धांवत नाहींत, पाठलाग करीत नाहींत. त्या डॉक्टरला एक थाप मारतात : मेजरला आपण भाच्याचा फोटो पाहावयास दिला होता, तेवढा मिळाला तर बरें होईल. डॉक्टर बिचारा शोधतो. भाच्याचा फोटो सांपडण्याचा प्रश्नच नव्हता. पण जो सांपडावयास हवा होता तोहि नाहींसा झालेला असतो. दुसरें, त्या प्रत्येकाला सहज विचारतात कीं, मेजरला रक्तदाब होता हें तुम्हांला कोणीं सांगितलें? हा म्हणतो त्यानें, तो म्हणतो हिनें, ती म्हणते कोणी तरी बोललें खरें. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. पण ती प्रथम कोणीं सांगितली हें एकालाहि सांगतां येत नाहीं. आमच्यासारख्या वीस माणसांच्या घरांत राहणाऱ्याला या प्रसंगाची खूण तात्काळ पटते. "सगळे म्हणतात" या दोन शब्दांच्या मागें पुष्कळदां एकच मनुष्य उभा असतो.

त्या गोळ्यांच्या बाटलीविषयीं पहिली शंका मात्र मार्पलबाईंनीं घेतलेली नाहीं. ती घेतली व्हिक्टोरिया जॉन्सन नांवाच्या, खोल्या झाडणाऱ्या त्या बेटावरच्याच मुलीनें. रोज ती तें कपाट पुसत होती; आदल्या दिवसापर्यंत ती बाटली तेथें नव्हती, हें तिला पक्कें ठाऊक होतें. तिनें तसें बोलूनहि दाखविलें. थोड्याच दिवसांत तिला सुऱ्यानें भोंसकून मारलेलें आढळलें. ज्या मोठ्या पाहुण्यांना मेजर कंटाळवाणा वाटत होता त्यांपैकीं एकालाहि त्याच्या खोलींत काय होतें नि काय नव्हतें हें सांगतां आलें नसतें. झाडणाऱ्या मुलीला तें सांगतां आलें, आणि त्यापायीं तिचा जीव गेला. वाचतांना आम्ही हें पान उलटून पुढें गेलों होतों. दुसऱ्या वाचनांत थांबलों.

पुढें काय होतें, बाई एका तिरसट, श्रीमंत, अपंग वृद्धाला हाताशीं कसें धरतात, आणि मध्यरात्रीं डोक्याभोंवतीं गुलाबी लोकरीचें वस्त्र गुंडाळून त्याला झोंपेंतून उठवून 'मी सूडाची देवता आहें' असें कसें सांगतात, हें सर्व मुळांतूनच वाचावें. खुनी कोण हें आम्ही सांगणार नाहीं. तें पाप आमच्या माथीं नको. एवढेंच सांगतों कीं, उलगड्याची किल्ली लेखिकेनें लपविलेली नाहीं. मेजरच्या चेहऱ्याविषयींची एक साधी गोष्ट आरंभींच सरळ सांगून टाकिली आहे. आम्हीं ती वाचली, जरा हंसलों, आणि विसरलों. बाईहि बराच वेळ विसरल्या होत्या. पण पुढें त्यांना ती आठवली, एवढाच त्यांच्यांत नि आमच्यांत फरक.

आणि येथेंच आम्हांला वर विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. हा माणूस त्या भानगडींत कां पडतो? मार्पलबाईंच्या बाबतींत कारण असें कीं, त्यांनीं ऐकलें नाहीं. एक मनुष्य आपल्या आयुष्यांतली शेवटची गोष्ट त्यांना सांगत होता आणि त्या टांके मोजीत होत्या. तो गेल्यावर त्या रात्रीं पडल्या पडल्या आठवूं पाहतात : नेमकें काय म्हणाला तो? कोणत्या शब्दावर थांबला? कोणीकडे पाहत होता? ही चुटपुट त्यांना स्वस्थ बसूं देत नाहीं. मेजर त्यांना आवडत होता असें नव्हे. परंतु जो कोणालाच नकोसा होता, त्याच्या मृत्यूची चौकशीहि कोणाला नको होती. आणि तेवढ्याचसाठीं ती कोणी तरी केली पाहिजे, असें त्यांना वाटलें. कर्तव्य नेमून दिलेलें नसतां जें मनाला कर्तव्य वाटतें, तें हें.

कोणी म्हणेल, हा परमार्थ कसला? हा तर निव्वळ भोंचकपणा. दुसऱ्याच्या घरांत डोकावणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक आळींत असतात, त्या सगळ्या काय हेर समजावयाच्या? आक्षेप रास्त आहे. चौकस नजर आणि सैल जीभ एकत्र आल्या कीं घरेंच्या घरें मोडतात, हें आपण पाहिलें आहे. परंतु मार्पलबाईंची रीत निरखून पाहावी. ऐकलेल्या गोष्टीवर त्या विश्वास ठेवीत नाहींत, ती कोठून निघाली हें शोधतात. संशय मनांत आला तरी खात्री होईपर्यंत कोणाचें नांव चारचौघांत घेत नाहींत. आणि आपण चुकलों असूं, ही शंका त्या शेवटपर्यंत जागी ठेवितात. चहाडखोर बाई ऐकते ती सांगण्यासाठीं. ही ऐकते ती समजून घेण्यासाठीं. हातांतलें विणकाम दोघींचें सारखेंच.

आतां आमच्या प्रवासाविषयीं. थंड हवेच्या एका ठिकाणीं आम्ही लहानथोर अकरा माणसें आठ दिवस उतरलों होतों. खाणावळीच्या लांब पडवींत संध्याकाळीं सगळ्यांच्या खुर्च्या मांडल्या जात. शेजारच्या खोलींत एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत होते. रेल्वेंतून निवृत्त झालेले. त्यांना बोलण्याची फार हौस. कोणत्या सालीं कोणत्या स्टेशनावर कोणती गाडी किती तास खोळंबली, हें ते सांगत, आणि काल सांगितलेलें आज पुन्हां सांगत. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना पाहून खुर्ची फिरवूं लागले. तरुण मंडळी मोबाईलांत तोंड घालून बसत. आम्ही डोळ्यांपुढें पुस्तक धरीत असूं. आत्याबाई मात्र आपल्या वाती वळीत त्यांच्याजवळ बसून राहत.

चौथ्या दिवशीं सकाळीं गृहस्थ चहाला आले नाहींत. दार उघडून पाहिलें तों रात्रींच झोंपेंत गेलेले. डॉक्टर आले, हृदय थांबलें म्हणाले. आणि तें खरेंच होतें. येथें कांहीं काळेंबेरें नव्हतें हें आम्ही वाचकांस आधींच सांगून ठेवितों. दुपारीं उशिरां त्यांची मुलगी पोंचली. रडून झाल्यावर तिनें पडवींत बसलेल्या आम्हां सर्वांना एकच विचारलें, "बाबा काल काय बोलत होते हो?"

कोणीच उत्तर दिलें नाहीं. आदल्या संध्याकाळीं तासभर ते आमच्यापासून दोन हातांवर बसून बोलत होते. आम्हांला त्यांतला एक शब्द आठवेना. त्या तासांत आम्ही काय करीत होतों हें मात्र चांगलें आठवलें : मेजर शेवटीं नेमकें काय बोलला, हें मार्पलबाईंना आठवेल कीं नाहीं, या उत्कंठेनें आम्ही पानें उलटीत होतों! लाजेनें आमची मान वर होईना.

तेव्हां आत्याबाई उठून त्या मुलीजवळ गेल्या. म्हणाल्या, "बाळ, काल ते तुझ्या मुलाविषयींच बोलत होते. त्यांचं रेल्वेंतलं जुनं मनगटी घड्याळ आहे ना, तें त्यांनीं नातवासाठीं दुरुस्तीला टाकलंय. मुंजींत द्यायचं म्हणत होते. पावती चष्म्याच्या डबींत ठेवलीय, विसरायला होतं म्हणून." मुलीनें खोलींत जाऊन डबी उघडली. चष्म्याखालीं चौघडी केलेली पावती होती. घड्याळाविषयीं तिला कांहींच ठाऊक नव्हतें. ती चिठ्ठी हातांत घेऊन ती बराच वेळ आत्याबाईंच्या खांद्यावर डोकें ठेवून बसली.

रात्रीं आम्हीं आत्याबाईंना विचारलें कीं, एवढें सगळें तुमच्या ध्यानांत कसें राहिलें? त्यांना प्रश्नच कळला नाहीं. "राहायचं काय त्यांत? ते सांगत होते, मी ऐकत होतें."

यंदाहि पुस्तकांची पेटी भरावयाची आहे. तींतून रहस्यकथा काढून टाकाव्या असें आम्हांला मुळींच वाटत नाहीं; उलट वाचकांनीं सुटींत त्या अवश्य वाचाव्या. ज्याच्याकडे कोणी पाहत नाहीं त्याच्याकडे पाहावें, जें सगळे म्हणतात तें कोठून निघालें हें विचारावें, ही शिकवण त्या जितक्या रंजक रीतीनें देतात तितकी दुसरें कोणी देत नाहीं. फक्त शेजारच्या खुर्चीवर कोणी बोलूं लागलें तर पुस्तक मिटावें. पुस्तकांतला मेजर थांबून राहतो. खुर्चीवरचा गृहस्थ राहीलच असें नाहीं.

मार्गशीर्षांत त्या मुलीचा आत्याबाईंना फोन आला. मुंज पार पडली होती. घड्याळ नातवाच्या हातांत सैल होतें म्हणून पट्ट्याला आणखी एक भोंक पाडावें लागलें. बाकी तें उत्तम चालतें, असें ती म्हणाली. रोज तीन मिनिटें तेवढें मागें पडतें.